रेल्वेचे पॉइंट रोखीने विकत घ्यावेत काय?

आमचा एक भाचा अमेरिकेत शिकागो शहरात राहतो. तेथील डेव्हन अव्हेन्यू या रस्त्यावर हिंदुस्थानी व पाकिस्तानी दुकानांची मोठी वस्ती आहे. तेथे त्याचे कपडे शिवण्याचे व दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. मागील वर्षी त्याचा फोन आला. "मामू, इथली रेल्वे पॉइंट विकते आहे. हजार घेतले तर तीनशे जादा मिळतात. कॅलिफोर्नियाला लग्नाला जायचे आहेच. पन्नास हजार घेऊन ठेवू का? पुढेही कामाला येतील."

आम्ही कापडाचे व्यापारी. हजारावर तीनशे फुकट म्हटले की आम्हाला आनंद होण्याआधी शंका येते. आम्ही त्याला म्हटले, "बेटा, आधी भाव सांग, मग सवलत सांग." पुढे दोन-तीन दिवस फोनवर जो हिशेब झाला, तो वाचक बांधवांपुढे ठेवत आहोत. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक त्या देशात आहेत. शिवाय पॉइंटचा हा धंदा आता आपल्याकडेही कार्डांच्या व दुकानांच्या रूपाने घरोघरी आला आहे. म्हणून तो समजून घेणे गरजेचे आहे.

पॉइंट म्हणजे काय?

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या ॲमट्रॅक ही संस्था चालवते. तिचे काम १ मे १९७१ रोजी सुरू झाले. नेहमीचे प्रवासी टिकून राहावेत म्हणून तिने २००० साली गेस्ट रिवॉर्ड्स नावाची योजना काढली. सभासदाने तिकिटावर एक डॉलर खर्च केला की त्याच्या खात्यात दोन पॉइंट जमा होतात. पुरेसे पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळते.

हे आपल्याला नवीन नाही. गिरणीचा एजंट वर्षाच्या उलाढालीवर सूट देतो, दोऱ्याच्या खोक्यात कुपन निघते, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की पॉइंट तीन वाटांनी येतात. एक प्रवास करून, दुसरी बँकेच्या कार्डावर खरेदी करून आणि तिसरी सरळ रोख पैसे देऊन. पहिल्या वाटेचे पॉइंट हे प्रवासाबरोबर आलेले असतात, त्यांना वेगळा दाम पडत नाही. तिसरी वाट मात्र खरेदीची आहे, आणि खरेदीला खरेदीचेच नियम लावले पाहिजेत.

२०१६ साली काय बदलले?

जानेवारी २०१६ पर्यंत या योजनेत देशाचे विभाग पाडलेले होते. एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला ठरावीक पॉइंट लागत, मग त्या दिवशी तिकिटाचा रोख भाव काहीही असो. त्यामुळे गर्दीच्या दिवसांत महाग डबा पॉइंटवर घेणाऱ्याला मोठा फायदा होई. जाणकार लोक त्यासाठीच पॉइंट साठवून ठेवत.

२४ जानेवारी २०१६ पासून ही पद्धत बंद झाली व पॉइंट भाड्याला बांधले गेले. त्या वेळी साध्या गाड्यांसाठी एका डॉलरच्या भाड्याला साडेचौतीस पॉइंट असा दर ठेवला होता, म्हणजे एका पॉइंटची किंमत सुमारे २.९ सेंट पडली. आता भाडे चढले की लागणारे पॉइंटही चढतात. म्हणजेच पॉइंट साठवून भाडेवाढीपासून बचाव होत नाही. सूत स्वस्त असताना भरून ठेवले तर तेजीत त्याचा भाव आपल्याला मिळतो. पॉइंटचे तसे नाही. त्याचा भाव लावणारा व तो परत घेणारा एकच आहे.

खरा भाव कसा काढावा?

भाचा, त्याची पत्नी असे दोघे शिकागोहून कॅलिफोर्निया झेफायर या गाडीने जाणार होते. ही गाडी रॉकी पर्वत ओलांडून समुद्राजवळच्या एमरीव्हिल स्थानकापर्यंत जाते. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते हावड्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि वेळ पन्नास तासांहून अधिक. आपल्या स्लीपर डब्याप्रमाणे स्वस्त बर्थ तेथे मिळत नाही. कोचमध्ये मागे झुकणारी खुर्ची असते. झोपायची सोय हवी असेल तर वेगळी खोली घ्यावी लागते. सर्वांत लहान खोलीला रूमेट म्हणतात. तिच्यात दोन माणसे मावतात व खोलीच्या भाड्यात जेवण धरलेले असते.

हिशेब समजावा म्हणून आम्ही येथे सोपे आकडे धरतो. दोघांचे रूमेटसह रोख भाडे १,२०० डॉलर समजा. तीच खोली, त्याच दिवशी, पॉइंटवर ४८,००० ला आहे. वरवर पाहता एका पॉइंटची किंमत अडीच सेंट झाली.

पण येथे एक गोष्ट सुटते. रोख तिकीट घेतले तर १,२०० डॉलरवर २,४०० नवे पॉइंट मिळतात. पॉइंटवर घेतलेल्या तिकिटावर मात्र पॉइंट मिळत नाहीत. त्या २,४०० पॉइंटांची किंमत अडीच सेंटप्रमाणे ६० डॉलर झाली. म्हणून रोख तिकिटाचा खरा दाम १,२०० नव्हे, तर १,१४० डॉलर धरावा. त्याला ४८,००० ने भागले की एका पॉइंटची खरी किंमत २.३८ सेंटच्या आसपास येते. हाच आपला पायाचा भाव. यापेक्षा महाग पॉइंट घेणे म्हणजे तोटा.

आता विकणाऱ्याचा भाव पाहू. हजार पॉइंटला ३२ डॉलर, म्हणजे नगाला ३.२ सेंट समजा.

सवलत नसताना ४८,००० पॉइंटला १,५३६ डॉलर पडतील. उघड नुकसान.

हजारावर तीनशे जादा मिळत असतील तर तेवढ्याच पॉइंटला सुमारे १,१८२ डॉलर पडतील. पाटीवरचे १,२०० पाहिले तर १८ डॉलर वाचल्यासारखे वाटते. खऱ्या १,१४० शी ताडून पाहिले तर उलट ४२ डॉलर अंगावर येतात.

हजारावर पाचशे जादा असतील तर १,०२४ डॉलर पडतील. येथे मात्र ११६ डॉलरचा खरा फायदा आहे.

मतलब असा की "सेल" या शब्दावरून काही ठरत नाही. प्रत्येक वेळी आपल्या गाडीचे रोख भाडे, लागणारे पॉइंट व पॉइंटचा खरेदी भाव, हे तीन आकडे कागदावर मांडावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

विकत घेणे केव्हा योग्य?

भाच्याच्या खात्यात आधीच्या प्रवासांचे व कार्डाचे मिळून ४१,००० पॉइंट होते. तिकिटाला ७,००० कमी पडत होते. जादा पॉइंटच्या सवलतीत हे ७,००० त्याला सुमारे १७२ डॉलरला मिळत होते. पायाच्या भावाने त्यांची किंमत १६६ डॉलर होती. सहा डॉलरच्या फरकात जुना साठा मोकळा झाला व खिशातून १,२०० ऐवजी १७२ डॉलरच गेले. ताक्याचा तुकडा पुरा करण्यासाठी दोन मीटर थोडे महाग घेतले तरी चालते, कारण त्यामुळे पूर्ण ताका खपतो. तसेच हे आहे.

उलट त्याच्या मनाप्रमाणे पन्नास हजार पॉइंट घेतले असते तर सुमारे १,२३० डॉलर अडकले असते. पुढचा प्रवास केव्हा, त्याचा पत्ता नाही. ईदचा मोसम तोंडावर होता. तेवढ्या रकमेत त्याच्या दुकानाचे अस्तर, दोरा व झिपांचा मोसमभराचा माल येतो. तो माल दोन महिन्यांत पैसा परत देतो. पॉइंट मात्र खात्यात पडून राहतात, ते वाढत नाहीत.

आमचा स्वतःचा धडा

ही समज आम्हाला पुस्तकातून आली नाही. तरुणपणी एका गिरणीच्या एजंटाने योजना आणली होती. प्रत्येक ताक्यामागे एक कुपन आणि ठरावीक कुपने झाली की स्कूटर. आमची थोडीच कुपने कमी होती. ती पुरी करण्यासाठी आम्ही नको असलेला माल उचलला, तोही उधारीवर. माल घरात आला आणि महिनाभरात योजनेचे नियम बदलले. स्कूटर मिळाली नाही. तो माल गोदामात दोन पावसाळे पडून राहिला व शेवटी खरेदीच्याही खाली विकावा लागला. अब्बा एवढेच म्हणाले, "तू कापड घेतले नाहीस, वादा घेतलास." पॉइंट हाही वादाच आहे, हे तेव्हापासून आमच्या लक्षात राहिले.

कोणती खबरदारी घ्यावी?

पहिली गोष्ट, गाडी, तारीख व खोली डोळ्यांसमोर दिसत असेल तेव्हाच कमी पडणारे पॉइंट घ्यावेत. विकत घेतलेले पॉइंट परत करून पैसे मिळत नाहीत. प्रवास रद्द झाला तर पॉइंटचे काय होते, तो नियम आधी वाचावा.

दुसरी गोष्ट, खात्यात २४ महिने काहीच व्यवहार झाला नाही तर पॉइंट बाद होतात. ज्याचा प्रवास तीन-चार वर्षांतून एकदा होतो त्याने याची विशेष काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट, कोणी ओळखीचा माणूस स्वतःच्या खात्यातील पॉइंट स्वस्तात विकत असेल तर त्या वाटेला जाऊ नये. सभासदांनी आपसात अशी विक्री करणे योजनेच्या नियमांविरुद्ध आहे. खाते बंद झाले तर पॉइंटही जातात आणि पैसेही.

चौथी गोष्ट, हिंदुस्थानातील कार्डावरून डॉलरची खरेदी केली तर अनेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास परकीय चलनाचा आकार लावतात व त्यावर जीएसटी वेगळा. सहा-सात डॉलरच्या फरकाचा आपला हिशेब त्यातच उलटतो. म्हणून खरेदी तेथील नातेवाइकानेच करावी.

पाचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कार्डाचे बिल मुदतीत भरता येत नसेल तर पॉइंटला हातच लावू नये. आपल्याकडे अनेक कार्डांवर थकबाकीचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जाते. व्याज देणे आपल्याला मना आहे हे तर आहेच, पण केवळ दुनियादारीच्या हिशेबानेही हा व्यवहार बुडीत आहे.

तसेच पॉइंटच्या मागे लागण्याआधी सरळ मिळणारी सवलत पाहावी. ॲमट्रॅकमध्ये २ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे पडते व ६५ वर्षांवरील प्रवाशांना बहुतेक गाड्यांत दहा टक्के सूट मिळते. तरुण माणसाला खुर्चीवर दोन रात्री काढता येत असतील तर कोचचे भाडे रूमेटच्या मानाने फारच कमी असते.

आपल्या रेल्वेचे काय?

आपली रेल्वे ॲमट्रॅकप्रमाणे रोख पैसे घेऊन पॉइंट विकत नाही. येथे आयआरसीटीसीच्या जोडीने बँकांची कार्डे निघाली आहेत. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीबरोबरच्या कार्डात एक पॉइंट म्हणजे तिकिटात एक रुपया असा हिशेब आहे. परंतु मोठ्या प्रमाणात पॉइंट वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर मिळतात व कार्डाला वार्षिक फी असते. ही फी म्हणजेच पॉइंटची आगाऊ दिलेली किंमत समजावी.

आम्ही मालेगावचे लोक मनमाडहून गाडी धरतो. जो व्यापारी महिन्यातून दोनदा वातानुकूलित डब्याने सुरतेला किंवा दिल्लीला जातो, त्याची फी वसूल होऊन वर काही उरेल. जो कारागीर वर्षातून दोनदा स्लीपरने गावी जातो, त्याने फी भरून पॉइंट गोळा करणे म्हणजे कुपनासाठी ताका उचलणे होय. शिवाय पॉइंट असले म्हणून बर्थ पक्का होत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. साठाव्या दिवशी सकाळी तिकीट काढणाऱ्याचा फायदा पॉइंट जमवणाऱ्यापेक्षा मोठा असतो.

भाच्याने शेवटी ७,००० पॉइंटच घेतले व उरलेल्या पैशांत दुकानाचा माल भरला. दोघे लग्नाला जाऊन आले. परतल्यावर त्याने फोन केला आणि म्हणाला, "मामू, पॉइंट संपले, खाते रिकामे झाले." आम्ही म्हटले, "बहोत अच्छा. माल खपला की गोदाम रिकामेच दिसायला हवे."

वाचक बांधवांनाही आमची विनंती आहे की, कोणतीही योजना समोर आली तर फुकट काय मिळते हे नंतर विचारावे. आधी विचारावे की एका नगाचा दाम काय, तो मला केव्हा लागणार आहे आणि नियम बदलण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर व्यवहार करावा, नाहीतर पैसा आपल्या गल्ल्यात ठेवावा.