सूतकताई: वर्धा परिसरातली तोंडओळख

सिंदी (मेघे) वर्धा शहराला खेटून आहे. मगनवाडी, सेवाग्राम आणि धाम नदीकाठचं पवनार, कताईची ही तिन्ही ठिकाणं इथून जवळ.

• पेळू – पिंजलेल्या कापसाची सैल वळलेली नळी. सूत हिच्यातूनच निघतं.
• टकळी – सर्वांत साधं साधन. खिशात मावतं, चालताचालताही फिरतं.
• पेटी चरखा – मिटून पेटीत बसणारा. येरवडा तुरुंगात गांधीजींनी त्याच्या रचनेवर बरंच काम केलं, म्हणून ‘येरवडा चरखा’ हेही नाव.
• अंबर चरखा – अनेक चात्यांचा (चाती म्हणजे सूत कातणारी फिरती सळई). एकाच वेळी अनेक धागे निघतात.
• सुताचं माप (जुनं) – 4 फूट = 1 तार, 160 तार = 1 लटी, 4 लट्या = 1 गुंडी, म्हणजे 640 तार. आता 1000 मीटरची गुंडी धरतात.
• अंक – जितका मोठा, तितकं सूत बारीक. नवख्यांचा गोंधळ हमखास इथेच होतो.
• 1925 – अखिल भारत चरखा संघाची स्थापना.
• 1929 – सुधारित चरख्यासाठी संघाचं 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर. अटी इतक्या कडक, की ते कुणालाच मिळालं नाही.
• 30 डिसेंबर 1938 – मगन संग्रहालयाचं गांधीजींच्या हस्ते उद्घाटन. नाव त्यांचे सहकारी मगनलाल गांधींचं.
• 12 फेब्रुवारी – 1948 मध्ये याच दिवशी पवनारला गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं. तिथल्या सर्वोदय मेळाव्यात स्वतः कातलेली गुंडी अर्पण करतात, ती सूतांजली.