आधी मेख, मग कापड

मासे पाळणारा शेतकरी ताडपत्रीच्या दुकानात गेला, की कापड दोन बोटांत चोळून पाहतो आणि विचारतो, ‘किती जीएसएमची?’ एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, याचा तो आकडा. दुकानदार दोनशेची दाखवतो, अडीचशेची दाखवतो, मग आतून जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली साडेसहाशेची आणतो. जितका आकडा मोठा तितकं छप्पर पक्कं, अशा समजुतीवर सौदा ठरतो. मला ही सुरुवातच उलटी वाटते. टाकीवर किंवा तळ्यावर हलवता येण्याजोगं कापडी छप्पर घालायचं, तर कापडाचं वजन हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी पाण्याला विचारायचं, मग जमिनीला.

मत्स्यशेतीचं आणि कापडाचं नातं जुनं आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं. आज तोच दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या पद्धतीतला ‘हापा’ म्हणजे पाण्यात चार काठ्यांना बांधलेली कापडी पेटी. अंडी उबवायच्या हाप्यात बाहेरची पेटी मांजरपाटासारख्या कापडाची आणि आतली मच्छरदाणीच्या जाळीची. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं जाळीतून बाहेरच्या पेटीत उतरायची आणि टरफलं आत राहायची. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज नदीतून गोळा करण्याऐवजी शेतकऱ्याला हातात मिळू लागलं, त्यात या कापडाचा वाटा आहे. आणि तिथेही कापड निवडताना वजन कोणी विचारलं नाही. त्यातून काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं, एवढंच पाहिलं.

छपराचंही तसंच आहे. त्यातून पहिली गोष्ट जाते ती ऊन.

बायोफ्लॉकच्या टाक्या आता महाराष्ट्रात गावोगाव दिसतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत ४ मीटर व्यासाच्या, दीड मीटर उंचीच्या ७ टाक्यांचं एक छोटं युनिट धरलेलं आहे, साडेसात लाख रुपये खर्चाचं. लोखंडी जाळीचा गोल कठडा आणि आत ताडपत्री, म्हणजे टाकीसुद्धा कापडाचीच. या पाण्यात जिवाणू माशांच्या विष्ठेतला नायट्रोजन वापरून गुठळ्या तयार करतात आणि तिलापियासारखा मासा त्याच गुठळ्या खातो. जिवाणूंना ऊन लागत नाही. गूळ किंवा मळी आणि रात्रंदिवस हवा लागते. उघड्या टाकीवर भर ऊन पडलं, तर शेवाळ वाढून पाणी हिरवं होतं आणि दुपारपर्यंत पीएच चढतो. ३० अंश सेल्सियसच्या पाण्यात पीएच ८ असेल, तर एकूण अमोनियापैकी साधारण साडेसात टक्के विषारी रूपात असतो. पीएच ९ झाला, की हाच वाटा ४५ टक्क्यांच्या जवळ जातो. त्यातच पाणी तापलं, की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो. अशा टाकीवर ५० किंवा ७५ टक्के सावलीचं शेडनेट घालणं योग्यच आहे.

पण शेजारच्या शेतकऱ्याच्या टाकीवर पाहून तेच नेट कोणी कार्पच्या नर्सरी तळ्यावर पसरलं, तर तो स्वतःच्याच माशांच्या तोंडचा घास काढून घेतो. मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत वाढणाऱ्या पिल्लांचं जेवण पाण्यातलं प्लवंग आहे, आणि प्लवंगाची सगळी रांग उन्हावर उभी असते. तिथे सावली हवी असली, तर ती एका कोपऱ्यापुरती: हापे लावलेत तिथे, किंवा बीज मोजून प्राणवायूच्या पिशव्यांत भरतात तिथे, कारण भरलेली पिशवी उन्हात ठेवली की पाहता पाहता तापते. म्हणून नेट किती टक्क्यांचं घ्यावं, हे आधी मासा काय खातो त्यावर ठरवावं. हवामानाचा विचार त्यानंतर.

पावसाच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत होते. पावसाचं पाणी टाकीत पडलं की घात होतो, म्हणून छप्पर, असं सगळे म्हणतात. हिशेब करून पाहू. ४ मीटर व्यासाच्या टाकीचं तोंड साडेबारा चौरस मीटर. त्यात सव्वा मीटरच्या आसपास पाणी, म्हणजे सुमारे १५ हजार लिटर. ५० मिलिमीटरचा जोरदार पाऊस थेट टाकीत पडला, तर सव्वासहाशे लिटर पाणी वाढेल, चार टक्के. चांगल्या सांभाळलेल्या टाकीला एवढं सोसतं. आता त्याच टाकीवर ६ बाय १२ मीटरचं, ७२ चौरस मीटरचं छप्पर घाला. तोच पाऊस त्यावर ३,६०० लिटर पडेल. छपराचा उतार चुकून टाकीच्या दिशेनं असेल, किंवा मधल्या झोळातून सगळं एका टाकीत कोसळत असेल, तर टाकीचं जवळपास पाव पाणी एका पावसात बदलतं. क्षारता उतरते, पाणी एकदम गार पडतं, टाकी काठावरून वाहते, आणि वाहत्या पाण्याबरोबर गुठळ्या जातात, मासेही उड्या मारून जातात. म्हणजे वाईट छपरापेक्षा उघडी टाकी बरी. पागोळ्या कुठे पडणार, हे छप्पर विकत घेण्याआधी जमिनीवर काठीनं आखून पाहावं. झोळाचं वजनही लक्षात असू द्यावं: दोन मीटर रुंद आणि मध्ये फक्त २० सेंटिमीटर खोल अशा झोळात तीनशे किलोंहून जास्त पाणी साठतं, आणि तेवढं वजन पेलायला पातळ नळीची कमान केलेली नसते.

तरीही पाऊस सौम्य म्हणायचा. खरी मेख वाऱ्यातच आहे.

कोळ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या होडीवर कापड उभं केलं की त्याला शीड म्हणतात, आणि भरलेली होडी शिडानं ओढून नेलेली त्यानं पाहिलेली असते. टाकीवर पसरलेलं कापडही तेच आहे, फक्त आडवं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरचा झोत आपल्याकडे वळवाच्या पावसात येऊ शकतो. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे साडेचोवीस किलो. आपल्या ७२ चौरस मीटरच्या छपरावर मिळून पावणेदोन टन. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. पुण्याचा आकडा घेतला, तर त्याच छपरावरचा दाब साडेसहा टनांच्या पुढे जातो. हा ढोबळ हिशेब आहे. छपराचा उतार आणि बाजू उघड्या की बंद, यावर खरा भार बदलतो. मात्र एक गोष्ट ढोबळ नाही. तीन बाजू झाकून चौथी उघडी ठेवली आणि वारा त्याच बाजूनं शिरला, तर छप्पर आतून वर ढकललं जातं आणि त्याच वेळी बाहेरून वर ओढलंही जातं. थंडीसाठी तीन बाजूंना पडदे लावून दार मोकळं ठेवणारे शेतकरी नकळत हाच सापळा रचतात.

हा भार कापड पेलत नाही, जमीन पेलते. कापडाकडून कमानीकडे, कमानीकडून तणाव्याकडे, तणाव्याकडून मेखेकडे. मेख मातीतून सुटली, तर साडेसहाशे जीएसएमचं कापड अडीचशेच्या कापडापेक्षा जास्त नुकसान करतं. ते फाटत नाही, त्यामुळे सगळा सांगाडा घेऊन उडतं आणि शेजारच्या टाकीवर किंवा विजेच्या तारेवर जाऊन पडतं.

महाराष्ट्राची माती याबाबतीत एकसारखी नाही, आणि छप्पर विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात मातीचं नाव नसतं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. एप्रिलमध्ये घणानं ठोकलेली मेख जुलैत हातानं उपटता येते. मुरमाड जमिनीत तीच मेख घट्ट बसते. कोकणात जांभ्याच्या सड्यावर ती शिरतच नाही. तिथे भोक पाडून सळई बसवावी लागते. काळ्या जमिनीत मला दोन उपाय पटतात. एक, हातभर खोल चर खणून त्यात आडवा ओंडका किंवा वाळूची पोती पुरायची आणि तणावा त्याला बांधायचा. दुसरा, वजन. २०० लिटरच्या पिंपात पाणी भरलं तर २०० किलो होतात, काँक्रीट भरलं तर ४८० च्या आसपास. वळवाच्या पावणेदोन टनांसाठी पाण्याची ९ पिंपं किंवा काँक्रीटची ४ लागतील. साडेसहा टनांसाठी काँक्रीटचीच १४. हे आकडे पाहिल्यावर छप्पर लहान करावंसं वाटतं, आणि ते वाटणं बरोबर आहे. एका मोठ्या छपराऐवजी दोन टाक्यांपुरती सुटी सुटी छपरं घातली, तर एक गेलं तरी बाकीची उरतात.

मग पक्की शेडच का बांधू नये? ज्याची जमीन स्वतःची आहे आणि टाक्या वर्षभर चालतात, त्यानं जरूर बांधावी. पण मत्स्यशेतीत पुष्कळ कामं हंगामी आणि फिरती आहेत. भारतीय कार्पचं बीज मुख्यतः पावसाळ्यात होतं. त्या दोन-तीन महिन्यांसाठी उभारून नंतर गुंडाळता येणारं छप्परच परवडतं. उजनीच्या काठी तर जमीनच सरकते. ११७ टीएमसीचं हे धरण पावसाळ्यात तुडुंब होतं आणि कडक उन्हाळ्यात मृतसाठ्याच्याही खाली जातं. आसपासचे लोक धरण ‘मायनस’मध्ये गेलं म्हणतात. पाणी मागे हटतं, तसा काठ दूर जातो, आणि जाळी, खाद्य, तराजू घेऊन मासेमारांची पालंही त्यामागे जातात. तिथे पक्कं काही उभं करणं म्हणजे चार महिन्यांनी ते पाण्याखाली तरी जाणार, नाहीतर पाण्यापासून लांब तरी पडणार.

कोकणानं या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलेलं आहे. पावसाळा सरला की अंगणात मांडव घालायचा, वर नारळाच्या झावळ्यांची झापं टाकायची, आणि पुढच्या पावसाआधी तो उतरवायचा. झापातून वारा जातो, आणि गेलं तरी झाप जातं, खांब राहतात. वादळाच्या दिवसांत ते छप्पर मुळात तिथे नसतंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. अशा वाऱ्यापुढे कापडी छपरानं टिकून राहावं ही अपेक्षाच मी ठेवणार नाही. ते अर्ध्या तासात, दोन माणसांना, शिडीवर न चढता उतरवता आलं पाहिजे. विकणाऱ्याला मी हेच करून दाखवायला सांगेन. ७२ चौरस मीटरचं अडीचशे जीएसएमचं कापड १८ किलो भरतं. साडेसहाशेचं ४७ किलो. वाऱ्यात, अंधारात, ४७ किलोंचं ओलं कापड दोघांना आवरेल का? कापडाच्या वजनाचा प्रश्न माझ्या मते इथे, या क्षणापाशी येतो.

आणि वजन म्हणजे ताकद नव्हेच. धाग्याची वीण, दोन्ही बाजूंचा लेप, उन्हापासून बचाव करणारं रसायन, कडेला दुमडून आत घातलेला दोर, कड्यांभोवतीचा दुहेरी थर: कापड टिकतं ते यांवर. प्लास्टिकमध्ये चुनखडीची भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं. कापड बहुतेक वेळा कडीपाशीच फाटतं, म्हणून चोळून पाहायचंच असेल तर कडेला चोळावं.

पैसे कापडापेक्षा सांगाड्यावर घालावेत, असं मला वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. एकाच कमानीवर उन्हाळ्यात शेडनेट आणि थंडीत २०० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद चढवता येतो. पंगस थंडीला नाजूक. पाणी गार पडलं की खाणं सोडतो. नाशिककडच्या थंडीत तो कागद उपयोगी पडतो. पण बंद कागदाखाली टाक्यांची वाफ कोंडते, रात्रभर नळ्यांवर थेंब धरतात आणि पाण्यात ठिबकतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीवरचं असं ठिबकणं माशांना चांगलं नाही, विशेषतः मऊ पाण्यात. म्हणून माथ्याशी वाफ जायला फट आणि दिवसा वर गुंडाळता येणाऱ्या बाजू हव्यातच. खाद्याची पोती या दमट हवेत अजिबात ठेवू नयेत, बुरशी धरते. ब्लोअर आणि इन्व्हर्टर मात्र छपराखाली, जमिनीपासून उंच हवेत. बायोफ्लॉकमध्ये हवा बंद पडली, तर मासे तासभरही थांबत नाहीत. जनरेटर नेहमी बाहेर, त्याच्या धुराला कापडाखाली जागा नाही.

पक्ष्यांसाठी वेगळं कापड लागत नाही, ताणलेली जाळी पुरते. पाणकावळा आणि बगळा तिला टाळतात. ढिल्या जाळीत ते अडकून मरतात, आणि ते बघवत नाही.

मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी वारा पडतो आणि टाक्यांवरचं नेट हलायचं थांबतं. जाणता माणूस तेव्हाच उठतो. एका बाजूचा तणावा तो ढिला करतो, दुसऱ्या बाजूनं घरातलं कोणीतरी नेट गुंडाळत आणतं, आणि वळवाचा पहिला झोत येईपर्यंत वर नुसत्या कमानी उरतात. रात्रभर पाऊस टाकीत पडत राहतो, खाली ब्लोअर चालू असतो. सकाळी तो आधी पीएच तपासतो, क्षारता बघतो, लागेल तसा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टाकतो. मग कमानींच्या पायथ्याशी एकेका मेखेवर पाय देऊन पाहत टाक्यांभोवती फेरी मारतो आणि नेट वाळत घालतो.