आजीचे कुंकू काळे का आले?

१९९१ सालची गोष्ट. आमची आजी अहेवपणी गेली, कपाळावर रुपयाएवढे कुंकू लेऊन. तेरवी चार दिवसांवर आली तेव्हा लक्षात आले, की भिंतीवर लावावा असा तिचा एकही फोटो घरात नाही. होता तो आरमोरीच्या एका लग्नातला, फाल्गुनात फुललेल्या पळसाखाली बसलेल्या आजीचा. पण त्या पोस्टकार्डाएवढ्या रंगीत फोटोत तिचा चेहरा नखाएवढा. मोठा करायचा तर निगेटिव्ह नागपूरला धाडावी लागे आणि त्यात आठवडा सहज जाई.

चंद्रपुरात आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांकडे जुना एन्लार्जर आणि ब्रोमाइड कागद होता. ‘‘कृष्णधवल काढून देतो, गुरुजी,’’ ते बाबांना म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोटो हातात आला आणि बाबांचा चेहरा उतरला. आभाळ पांढरेफटक, पळस काळा, आजीचा गव्हाळ चेहरा सावळा आणि कपाळावर काळाकुट्ट ठिपका! ‘‘हा भिंतीवर नको,’’ एवढेच बाबा बोलले.

काकांनी मला डार्करूममध्ये नेले. आत लाल दिवा मिणमिणत होता. ‘‘या उजेडात कागद उघडा ठेवला तरी बिघडत नाही. या कागदाले लाल रंग दिसतच नाही ना!’’

कोडे तिथेच उलगडले. साधा ब्रोमाइड कागद मुख्यतः निळा प्रकाशच ओळखतो. रंगीत निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात. लाल कुंकू तिथे आकाशी-हिरवट होते, निळा प्रकाश त्यातून बिनदिक्कत पार होतो आणि त्याखालचा कागद काळा पडतो. निळे आभाळ निगेटिव्हमध्ये पिवळे असते. पिवळा रंग निळ्या प्रकाशाला अडवतो, म्हणून आभाळ पांढरे राहते. शिवाय रंगीत कागदावर रंग नेमके उतरावेत म्हणून निगेटिव्हला नारिंगी झाक मुद्दाम दिलेली असते. ब्रोमाइड कागदाला ती झाक म्हणजे जवळजवळ अंधारच. उजेड कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो, तरी फोटो मिळमिळीत येतो आणि कडक ग्रेडचा कागद वापरावा लागतो. ताडोब्याचा वाघ असा छापला, तर त्याचे तांबूस अंग काळवंडते आणि पट्टे त्यात बुडू लागतात.

यावर कोडॅकचा ‘पॅनाल्युअर’ नावाचा खास कागद होता. त्याला सारे रंग दिसत. म्हणूनच नेहमीचा लाल दिवाही त्याला चालत नसे, जवळजवळ पूर्ण काळोखात काम करावे लागे. पुढे २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणेच थांबवायचे ठरवले. आमच्या काकांनी तो कागद कधी पाहिलाही नव्हता. त्यांची युक्ती साधी होती.

बारीक तारेच्या टोकाला त्यांनी पुठ्ठ्याची टिकली चिकटवली. एन्लार्जरचा उजेड पडत असताना त्या टिकलीची सावली ते आजीच्या कपाळावर धरून राहिले. कडा उमटू नये म्हणून हात किंचित हलता. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये आजी हळूहळू वर आली. कपाळावर आता फिकट राखी ठिपका होता. हायपो झाला, धुणे झाले, फोटो वाळला. मग बारीक ब्रशने काकांनी तिथे लाल रंगाचा थेंब टेकवला. बाबांनी तो फोटो दोन्ही हातांनी घेतला.

आज निगेटिव्ह स्कॅन केली, की संगणकाला लालही दिसतो आणि हवे तसे कृष्णधवल चित्र क्षणात मिळते. ज्यांच्याकडे जुन्या निगेटिव्ह आहेत त्यांनी हे लवकर करावे. त्यांतले रंगही काळाने उडतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते ती वेगळीच.

अल्बममधला तो रंगीत फोटो आता पिवळट पडला आहे. पळस फुललेला होता, हे सांगावे लागते. नीट धुतलेल्या ब्रोमाइडवरची चांदी मात्र टिकून आहे. मुले विचारतात, ‘‘झाडाची फुले काळी, मग कुंकूच लाल कसे?’’ तेव्हा मी त्यांना काकांच्या टिकलीची गोष्ट सांगतो.