घरातल्या तंबूत गांजाचं झाड: छंद, विज्ञान आणि कायदा



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एक गृहस्थ आमच्याकडे आले. आम्हाला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मुलगा जर्मनीत शिकतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे एक काळा तंबू दिसला, आतून पांढरा लख्ख उजेड. विचारलं तर म्हणाला, बाबा, गांजाची तीन रोपं लावलीत, इथं चालतं. आता तुम्ही सांगा, रागवू की गप्प बसू?"

उभ्याउभ्या आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. आम्ही वनस्पतिशास्त्र शिकवणारी माणसं. वकील नाही, डॉक्टरही नाही. पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. तो तंबूत नेमकं करतो काय? तो गुन्हा आहे का? आणि काळजी करावी का? आज याच क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न: तंबूत काय चालतं?

गांजाचं झाड हे लघुदिन वनस्पतींपैकी एक. म्हणजे काय, तर दिवस मोठा असेपर्यंत ते नुसतं पानं आणि फांद्या वाढवतं. रात्र मोठी व्हायला लागली की फुलावर येतं. गंमत म्हणजे हे रहस्य उलगडायला सुरुवात झाली ती याच झाडावरून. ज्यूलियाँ तूर्न्वा नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ 1910 च्या सुमारास पॅरिसमध्ये हॉप आणि गांजा या दोन वनस्पतींवर प्रयोग करत होता. रोपांना रोज थोडाच वेळ उजेड दिला तर ती अगदी लहानपणीच फुलतात, हे त्याला दिसलं. दिवस लहान झाल्यापेक्षा रात्र मोठी झाल्याचा हा परिणाम असावा, असंही त्याने नोंदवलं. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम अर्धवट राहिलं. पुढे 1920 मध्ये गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हा नियम पक्का मांडला.

आपल्याकडच्या शेवंतीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पॉलिहाउसमध्ये शेवंतीवर रात्री दिवे लावतात ते कशासाठी? झाडाला रात्र लहान वाटावी, फुलं लांबावीत आणि दांडा उंच व्हावा यासाठी. मग हव्या त्या वेळी दिवे बंद करायचे, वेळ पडली तर काळं कापड ओढायचं, की कळ्या धरतात. जर्मनीतला तो मुलगा तंबूत हेच करतोय. आधी काही आठवडे रोज अठरा तास दिवा, सहा तास अंधार. मग बारा तास दिवा, बारा तास अंधार. सूर्याचं पंचांग त्याने टायमरवर आणलं, एवढंच.

मग उघड्यावर का लावत नाहीत? लावतातही काही जण. पण बर्लिनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या वर असतो. तिथं बाहेरचं झाड फुलायला लागतं ते उन्हाळा उतरताना, आणि फुलं पक्व व्हायची वेळ येते तेव्हा थंडी आणि ओल सुरू झालेली असते. शिवाय कित्येक वर्षं हे सगळं चोरूनच चालायचं. हवामान आणि पोलीस, या दोघांच्या भीतीने हे झाड घरात आलं.

आता दुसरी गोष्ट. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आपल्या पपईसारखं. नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. ते प्रामुख्याने मादी फुलांवरच्या राळेच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. पराग मिळाला की मादी झाड आपली ताकद बी भरण्यात घालवतं. म्हणून नर झाड दिसताच काढून टाकतात. ही युक्ती काही परदेशी छंदवाल्यांनी शोधलेली नाही बरं का. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, गांजाच्या शेतीचं सविस्तर वर्णन आहे. तिथं शेतात फिरून नर झाडं ओळखणारी खास माणसं असत. त्यांना पोद्दार किंवा परखदार म्हणत. आजच्या छंदवाल्याचं काम बियाणं विकणारेच सोपं करतात; फक्त मादी झाडं येतील असं बी बाजारात मिळतं.

दिवा आला, बी आलं. पण मंडळी, घरात झाड लावणं म्हणजे सूर्याबरोबर वारा, पाऊस आणि माती यांचीही ड्युटी स्वतःकडे घेणं. शेतात वारा फांद्या हलवतो. इथं पंखा लावावा लागतो. दाट फुलांमध्ये ओल साचली की आतून करडी बुरशी लागते आणि वरून काही दिसत नाही. द्राक्षबागायतदार ज्याला भुरी म्हणतात, तसाच रोग या झाडालाही होतो. कोरड्या गरम हवेत लाल कोळी येतो. बाहेर असते तर त्याला खाणारे किडे असते. तंबूत त्याला मोकळं रान मिळतं. आणि वास! फुलावर आलेल्या झाडाचा उग्र वास सगळ्या इमारतीला कळतो. म्हणून हवा बाहेर सोडण्याआधी कोळशाच्या गाळणीतून न्यावी लागते.

आता विजेचं बोलू. समजा, दिवा दोनशे वॅटचा आहे. सहा आठवडे रोज अठरा तास, म्हणजे साधारण 150 युनिट. पुढचे नऊ आठवडे रोज बारा तास, म्हणजे आणखी 150. पंखा धरला नाही तरी तीनशे युनिट झाले. जर्मनीत युनिटला 35 ते 40 सेंट धरले तर नुसत्या दिव्याचे शंभर-सव्वाशे युरो. एका घरापुरता हा हौसेचा खर्च आहे. पण मोठ्या प्रमाणावर काय होतं? 2012 मध्ये एव्हन मिल्स या ऊर्जातज्ज्ञाने अंदाज मांडला की अमेरिकेतल्या एकूण विजेपैकी सुमारे 1 टक्का वीज बंदिस्त जागेतल्या गांजालाच लागते. 2021 च्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात, अशा जागेत तयार झालेल्या एक किलो सुक्या फुलांमागे सुमारे 2,300 ते 5,200 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं, असा हिशेब निघाला. जे झाड आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवर तणासारखं उगवतं, त्याला खोलीत कोंडल्याची ही किंमत आहे.

दुसरा प्रश्न: गुन्हा आहे का?

इथं उत्तर आधी झाड कुठल्या जमिनीवर आहे त्यावर अवलंबून आहे, पण पासपोर्टवरही आहे, कारण आपला कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो. 

जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून नवा कायदा लागू झाला. किमान सहा महिने तिथं राहणारी अठरा वर्षांवरची व्यक्ती स्वतःच्या राहत्या घरी एका वेळी तीन झाडं लावू शकते. घरात 50 ग्रॅमपर्यंत आणि बाहेर अंगावर 25 ग्रॅमपर्यंत सुका माल चालतो. पण अटी आहेत. झाडं लहान मुलांच्या आणि इतरांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची. शेजाऱ्यांना असह्य त्रास होता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरचं पीक दुसऱ्याला द्यायचं नाही, विकत तर नाहीच, फुकटही नाही. "घे रे, माझ्याकडचं थोडं," असं मित्राला म्हणालात की कायद्याबाहेर गेलात. आपल्याकडची पोरं नेमकी इथं चुकू शकतात, कारण वाटून खाणं आपल्या अंगात असतं. गाडी चालवणाऱ्यांच्या रक्तातल्या टीएचसीची मर्यादाही त्याच वर्षी ठरली, आणि नवशिक्या चालकाला काहीच चालत नाही.

कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं चालतात. क्यूबेकमध्ये मात्र घरी एकही लावता येत नाही. उरुग्वेने 2013 मध्येच घरटी सहा झाडांना परवानगी दिली होती.

आणि आपल्याकडे? 1985 चा एनडीपीएस कायदा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया, सोबत फुलोरा नसेल तर, त्या व्याख्येत येत नाहीत. भांगेचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांवर गेला तो म्हणूनच. पण लागवडीचं तसं नाही. कायदा 'कोणतंही' गांजाचं झाड म्हणतो. कलम 20 नुसार परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाळगण्याच्या गुन्ह्यात किलोभर, वीस किलो असे टप्पे आहेत. लागवडीला असा टप्पा नाही. "एकच कुंडी आहे, हौस म्हणून लावली," हे कोर्टात उत्तर होत नाही. आणि घर आईवडिलांच्या नावावर असेल, त्यांना ठाऊक असूनही त्यांनी चालू दिलं असेल, तर कलम 25 नुसार तेही अडकतात. बियांचंही तसंच. बी गांजाच्या व्याख्येत नाही म्हणून बॅगेत टाकून आणलं, असं चालत नाही. बियाणं देशात आणायला वेगळी परवानगी लागते, आणि ते कुंडीत पेरून रोप वाढवलं की ती लागवडच.

तिसरा प्रश्न: काळजी करावी का?

थोडी करावी, आणि नेमक्या गोष्टींची करावी. दुकानातल्या पाकिटावर टीएचसीचं प्रमाण लिहिलेलं असतं. घरच्या फुलावर काहीच लिहिलेलं नसतं. एकाच वाणाची दोन झाडं दोन तंबूंत वेगळी निघतात, आणि आजची वाणं पूर्वीच्या मानाने बरीच कडक आहेत. प्रयोगशाळेशिवाय ते कळत नाही. आत बुरशी लागलेलं फूल ओढलं तर ती फुप्फुसात जाते. साधारण पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते. त्या वयात रोज आणि कडक गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनोविकाराचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. घरात आधी कुणाला असा आजार झाला असेल तर जास्तच जपायला हवं.

तर त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. जर्मन कायद्यानुसार मुलगा गुन्हा करत नाही, त्यामुळे त्याला गुन्हेगार म्हणून झापू नका. झापलंत तर पुढच्या कॉलला कॅमेरा दुसरीकडे वळेल, एवढंच होईल. त्यापेक्षा विचारा: तीनच आहेत ना? खोलीतल्या दुसऱ्या मुलाला देत नाहीस ना? रोज ओढतोस का? आपल्या आजीच्या भावाला काय झालं होतं, ते तुला माहीत आहे का? आणि एक गोष्ट मात्र स्पष्ट बजावा. सुट्टीला घरी येताना बॅगेत फूल नाही, पान नाही, बीही नाही. आपल्याकडे तोच छंद दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

बाकी टायमर, दिवा आणि अंधाराचं गणित ज्यांना आवडलं असेल, त्यांनी आपल्या गॅलरीत शेवंतीच्या दोन कुंड्या घ्याव्यात. एकीवर रात्री दिवा ठेवा, दुसरीला काळोख द्या. दीड-दोन महिन्यांत फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता प्रश्न घेऊ. ते गृहस्थ आज आलेत. पहिला प्रश्न त्यांचा.