मेलबॉक्स डेटाबेसचे व्यवस्थापन : रोजकीर्द आणि खतावणी

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता मिळाली. त्यामुळे ई-मेल सर्व्हरवर साठलेला कार्यालयीन पत्रव्यवहार हा संस्थेच्या दप्तराचाच भाग ठरतो. ज्या संस्था स्वतःचा सर्व्हर चालवितात, तेथे या दप्तराच्या जतनाची जबाबदारीही संस्थेवरच येते. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हर या प्रणालीच्या आधारे मेलबॉक्स डेटाबेसची रचना व व्यवस्थापन यांचे विवेचन केले आहे.

डेटाबेसची रचना

एक्स्चेंजमध्ये अनेक व्यक्तींच्या मेलबॉक्स एकाच डेटाबेस फाइलमध्ये साठविल्या जातात. या फाइलच्या जोडीला लॉग फाइल्स असतात. २००३ च्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक लॉग फाइल ५ एमबीची होती. २००७ च्या आवृत्तीपासून ती १ एमबीची आहे. प्रत्येक बदल प्रथम लॉगमध्ये लिहिला जातो व नंतर मुख्य फाइलमध्ये उतरतो. वाणिज्य शाखेच्या परिभाषेत सांगावयाचे तर लॉग ही रोजकीर्द व डेटाबेस ही खतावणी होय. वीज अचानक गेल्यास खतावणीत न उतरलेल्या नोंदी रोजकीर्दीवरून पुन्हा घेता येतात.

लॉग आणि बॅकअप

पूर्ण बॅकअप यशस्वी झाल्यावर अनावश्यक ठरलेले लॉग सर्व्हर स्वतःच काढून टाकतो. बॅकअप बंद पडल्यास मात्र लॉग साचत जातात, डिस्क भरते आणि डेटाबेस बंद होऊन त्यातील सर्वांच्या मेलबॉक्स एकाच वेळी अनुपलब्ध होतात. अशा वेळी लॉग फाइल्स हाताने पुसून जागा करण्याचा मोह घातक असतो. मुख्य फाइलमध्ये न उतरलेला लॉग नष्ट झाल्यास डेटाबेस सुरूच होत नाही. तो सुरू झाला, तरी मागील बॅकअपनंतरची पत्रे त्या बॅकअपवरून परत मिळविण्याचा मार्ग खुंटतो. चक्रीय लॉग पद्धतीने जागा वाचते. परंतु डेटाबेसची एकच प्रत असल्यास केवळ शेवटच्या पूर्ण बॅकअपपर्यंतच मागे जाता येते. डेटाबेस व लॉग स्वतंत्र डिस्कवर ठेवल्यास एका डिस्कच्या बिघाडात दोन्ही गमावण्याचा धोका टळतो.

आकाराचे नियोजन

मेल पुसल्याने डेटाबेस फाइल लहान होत नाही. मूळ रचनेनुसार पुसलेले मेल १४ दिवस व पुसलेली मेलबॉक्स ३० दिवस राखून ठेवली जाते. त्यानंतर मोकळी झालेली जागा फाइलच्या आतच राहते व नव्या मेलसाठी वापरली जाते. फाइल प्रत्यक्ष लहान करण्यासाठी डेटाबेस बंद ठेवावा लागतो, तसेच नव्या फाइलच्या सुमारे ११० टक्के मोकळी जागा लागते. त्यापेक्षा नवा डेटाबेस तयार करून मेलबॉक्स तेथे हलविणे सोयीचे ठरते. २०१० च्या आवृत्तीपासून हे काम वापरकर्त्याचे काम न थांबविता करता येते.

डेटाबेस किती मोठा असावा, याचे उत्तर डिस्कच्या क्षमतेवरून नव्हे, तर पुनःस्थापनेच्या वेळेवरून ठरवावयास हवे. ताशी १०० जीबी वेगाने बॅकअप परत आणता येत असेल, तर २०० जीबीच्या डेटाबेससाठी २ तास आणि १ टीबीसाठी सुमारे १० तास लागतील. तेवढा काळ कार्यालय पत्रव्यवहाराविना चालू शकेल काय, याचा निर्णय तंत्रज्ञाने एकट्याने घ्यावयाचा नसून प्रशासनानेही घ्यावयाचा आहे.

समारोप

एक्स्चेंज २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवी आवृत्ती वर्गणी पद्धतीने मिळते. आवृत्ती बदलली, तरी मूळ तत्त्व कायम आहे. बॅकअपचा रोजचा अहवाल पाहणे, लॉगच्या डिस्कवरील मोकळ्या जागेवर लक्ष ठेवणे आणि ठरावीक काळाने बॅकअप स्वतंत्र पुनःप्राप्ती डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष उतरवून पाहणे, ही तीन कामे नियमित व्हावयास हवीत. पुनःस्थापना करून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून राहणे म्हणजे न तपासलेल्या हिशेबावर स्वाक्षरी करण्यासारखे आहे.