बसगाडींतील एक जागा व दोन गरजा

सार्वजनिक वाहनांत अपंगांसाठीं जागा राखून ठेवावी, याविषयीं आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. अडचण येते ती त्या जागेवर दुसरें कोणी गरजू आधींच असेल तेव्हां. इंग्लंडांत असा एक तंटा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस विचार करण्याजोगी वाटेल.

प्रथम ती जागा कशी असते तें पाहूं. ब्रिटनमधील २००० सालच्या नियमांनुसार चाकांच्या खुर्चीसाठीं निदान १३०० मिलिमीटर लांब व ७५० मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारें सव्वाचार फूट व अडीच फूट, मोकळी जागा ठेवावी लागते. खुर्चींतील उतारू बहुधा गाडीच्या मागील बाजूस तोंड करून एका उंच टेकूला पाठ लावून बसतो. गाडी एकाएकीं थांबली तरी खुर्ची घसरूं नये, हा हेतु. पुष्कळदां ही जागा रिकामी असते. म्हणून बाबागाडी घेऊन चढलेली आई तेथेंच थांबते, आणि त्यांत तिचें कांहीं चुकत नाहीं. पण बाबागाडी बहुधा मिटतां येते, मूल मांडीवर घेतां येतें. खुर्चीवरील मनुष्यास मात्र त्या चौकटीवांचून दुसरा ठाव नाहीं.

२४ फेब्रुवारी २०१२ रोजीं डग पॉली हे गृहस्थ वेदरबी येथें लीड्सच्या बसमध्यें चढूं लागले. पुढें आगगाडीनें जाऊन त्यांस आईवडिलांस भेटावयाचें होतें. राखीव जागेंत एक स्त्री निजलेल्या मुलाची बाबागाडी घेऊन होती. चालकानें विनंती केली. गाडी मिटत नाहीं, असें तिनें सांगितलें. पॉली आपली खुर्ची मिटून साध्या आसनावर बसावयास तयार झाले, पण वळणांच्या रस्त्यावर ती खुर्ची बांधून ठेवण्याची सोय नव्हती. अखेर ते खालींच राहिले, व पुढें त्यांची आगगाडीहि चुकली.

शलमोन राजापुढें आलेल्या दोघींपैकीं एक खोटें बोलत होती; येथें तर दोन्ही गरजा खऱ्या. त्यामुळें न्यायाधीशांचेंहि एकमत होईना. २०१३ सालीं खालच्या न्यायालयानें पॉली यांस ५,५०० पौंड भरपाई देवविली; २०१४ सालीं अपील न्यायालयानें तो निकाल फिरविला. १८ जानेवारी २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, चालकानें एकदां विनंती करून गप्प बसणें पुरेसें नाहीं. नकार अवाजवी वाटल्यास त्यानें अधिक निक्षून सांगावें, प्रसंगीं गाडी कांहीं मिनिटें थांबवून ठेवावी. मात्र उतारूस खालीं उतरविलेंच पाहिजे, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. भरपाईहि बहुमतानें नाकारली.

हा निकाल कित्येकांस अपुरा वाटला. आम्हांसहि तो सर्वस्वीं समाधानकारक वाटत नाहीं, तथापि तान्ह्या मुलाच्या आईस भर पावसांत रस्त्यावर उतरविण्याची सक्ति करणारा नियम आम्हीं तरी लिहिला नसता. कांहीं गाड्यांत आतां बाबागाडीसाठीं निराळी जागा केलेली असते. हा उपाय आम्हांस अधिक बरा वाटतो, जरी त्यापायीं चारदोन आसनें कमी होऊन इतरांस उभें राहावें लागतें.

आपल्या देशांतहि २०१६ च्या अपंगहक्क कायद्यानें वाहनें सर्वांस सुगम करण्याचें कर्तव्य सरकारवर घातलें आहे. मुंबईच्या कांहीं नव्या बसगाड्यांस खुर्ची चढविण्याची उतरती फळी असते. गर्दीच्या वेळीं आंतील मोकळ्या जागेंत मात्र धडधाकट उतारूच दाटीनें उभे असतात.