वर्णमालेच्या रुळांवरील गावे

गाव आधी वसते आणि नाव मागाहून पडते, असा जगाचा रिवाज. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील गवताळ मैदानात मात्र १९०७-०८ च्या सुमारास नेमके उलट घडले. ‘ग्रँड ट्रंक पॅसिफिक’ कंपनीचा लोहमार्ग पश्चिमेकडे सरकत होता. घोडागाडीतून गहू आणणाऱ्या शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, म्हणून दर काही मैलांवर स्थानक हवे. इतकी नावे आणावीत कोठून? कंपनीने इंग्रजी वर्णमालाच रुळांशेजारी मांडली!

मेलव्हिल सोडले की फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इट्यूना, जॅस्मिन, केलिहर अशी ‘एफ’पासूनची अक्षरे ओळीने येऊ लागतात. पुढे वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा. अक्षरे संपताच पुन्हा ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. ‘एक्स’साठी झीना शोधणाऱ्या कारकुनाचे कौतुकच करावयास हवे. मेलव्हिल हे नाव कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज यांचे. १९१२ साली ‘टायटॅनिक’बरोबर ते बुडाले; कंपनीही पुढे दिवाळखोरीत जाऊन सरकारी ‘कॅनेडियन नॅशनल’मध्ये विलीन झाली.

दहा डॉलर नोंदणी शुल्कात १६० एकर जमीन मिळे. त्या आशेने इट्यूनाच्या परिसरात युक्रेनियन कुटुंबे उतरली. स्थानकाजवळ धान्याची उंच लाकडी कोठारे उभी राहिली, मग दुकान, शाळा, प्रार्थनामंदिर. पुढे मालमोटारी आल्या, अंतरे आटली आणि गावांचे प्रयोजनच ओसरले. मालगाड्या आजही धडधडत जातात. बहुतेक ठिकाणी न थांबता.

परंतु ही भूमी कोरी पाटी नव्हती. १८७४ च्या चौथ्या करारानंतर क्री आणि सोटो लोकांना राखीव क्षेत्रांत राहावे लागले होते. लेस्टॉकजवळच्या निवासी शाळेत त्यांची मुले आईबापांपासून तोडून ठेवली जात. ती शाळा १९९७ साली बंद झाली. ज्यांच्या भाषेला तेथे थारा नव्हता, त्यांचे शब्द मात्र स्थानकांच्या पाट्यांवर चढले. पनिची म्हणजे पिसे न फुटलेले पाखरू, असे सांगतात. आणि ‘टी’च्या टेटनंतर ‘यू’ यावयाचा, तेथे क्रम मोडून मध्येच ‘एन’चे नोकोमिस येते. टपाल कार्यालय चालविणाऱ्या एका बाईंनी ते नाव रुळांच्या आधीच ठेवले होते. ओजिब्वे भाषेत त्याचा अर्थ आजी.